खवल्यांचं कारण

नाताबुआ, कांदावू बेट
१८ फेब्रुवारी १९७३

ती. वन्सं सुलुएती यांना मेरेवालेसीचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि साबणाच्या चार वड्या पोचल्या. खरं सांगायचं तर तीनच पोचल्या, चौथी बोटीवरच्या कुणीतरी अंगाला लावली असेल, त्याचं भलं होवो. इकडे सगळं ठीक. वादळ शेजारच्या बेटावरून गेलं, आपली केळी तेवढी आडवी झाली. अकानीसीला चार वर्षं पुरी झाली. दिवसभर बडबड करते आणि बापाच्या दंडावर डोकं ठेवल्याशिवाय झोपत नाही. बाप यंगोनाच्या मुळांचं पाणी प्यायला बसला असेल तर ही तिथेच, पुरुषांच्या रांगेत, चटईवर आडवी होते.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या भावाच्या अंगाला खवले आलेत. हसू नका. मामंजी गेल्यावर सरदारांचे बोलके म्हणून यांची नेमणूक झाली, तेव्हापासून सरदारांच्या वतीनं बोलायचं यांनी आणि सरदारांनी पहिली करवंटी रिकामी केली की दुसरी यांची. पाहुणे आले, प्या. लग्न ठरलं, प्या. डुक्कर हरवलं, प्या, सापडलं तरी प्या. वर्षभरात नडग्या, कोपरं, हातांच्या पाठी सगळं कोरडं पडून पांढुरकं झालंय, नखानं ओढलं तर रेघ उठते. मी म्हटलं, या शनिवारी मासे राहू देते आणि तुम्हालाच बाजारात नेते. गाव मात्र खूश आहे. पलीकडच्या गावचे लोक परवा आले, यांचे पाय बघून म्हणाले की यंगोनाच्या खवल्यांची कानीकानी चढली म्हणजे आता बोलका मुरला, गेल्या वर्षी कोवळा होता.

मला मात्र चैन नाही. खोबरेल चोळून चोळून माझेच हात मऊ झाले. तुम्ही कातडीच्या इस्पितळात नर्स, तेव्हा नीट विचारून कळवा की यंगोना पिणाऱ्याचं अंग असं का सुकतं आणि त्यावर काय लावायचं. यांना न सांगता लिहिते आहे. बहीण-भाऊ वयात आले की एकमेकांशी बोलत नाहीत, हा आपला रिवाज तुम्ही दोघं इतका कडक पाळता की लग्न झाल्यापासून मी तुमच्यामधली टपालपेटीच झाले आहे. त्यातून भावाच्या अंगाची चौकशी बहिणीनं करायची म्हणजे तोबाच. म्हणून चौकशी माझी समजा आणि खवलेही माझेच समजा.

माया आहे तशी असू द्या. साबण मात्र पाच वड्या पाठवा, म्हणजे चार पोचतील.

तुमची
मेरे

सुवा
४ मार्च १९७३

चि. मेरे हिस अनेक आशीर्वाद.

तुझे खवले वाचून ड्यूटीवर एकटीच हसले, मेट्रननं रागानं पाहिलं. साबणाच्या पाच वड्या वेगळ्या पाठवल्या आहेत. बोटीवाल्याला सांगितलंय की एकेक वडी मी मोजून मेरेच्या नावानं दिली आहे.

आमच्या डॉक्टर बिसेसरांना विचारलं. त्यांचे आजोबा इथे ऊस तोडायला आले होते. नातू आपल्या माणसांच्या वरताण यंगोना पितो, त्यामुळे फार आस्थेनं बोलले. त्यांचं म्हणणं असं, की खरं कारण छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. काहींच्या मते त्या मुळातच असं काही असतं की ते अंगातलं तेल आटवतं, कातडीला आतून मिळणारा ओलावा बंद होतो. काही म्हणतात, पिणारा माणूस धड जेवत नाही, बैठक उठेपर्यंत घरचं ताट निवून जातं, मग एखादं जीवनसत्त्व कमी पडून कातडी सोलवटते. पण त्याच्या गोळ्या देऊन पाहिल्या तर म्हणे फारसा फरक पडला नाही. उन्हानं वाढतं एवढं दिसतं. यकृतावर भार येतो का, हाही एक संशय आहे. तेव्हा कारणांची जत्रा आहे, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. पिणं थांबवलं की चार-सहा आठवड्यांत खवले गळतात आणि खाली नवी कातडी येते.

तेव्हा औषध फुकट आहे आणि तेच अवघड आहे. सहा आठवडे यंगोना बंद. तोपर्यंत त्याला अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून घाल, मासळी घाल, उन्हात उघडा फिरू देऊ नकोस. डॉक्टरांनी आणखी एक विचारायला सांगितलं आहे, की दोन्ही पायांना सारखंच आहे का. यंगोनाचं असेल तर दोन्हीकडे सारखं असतं. बघून कळव.

आणि एक माझी शंका. बोलकेपण काकांच्या वाइसाकेकडे जाणार होतं ना? बाबा असताना तसंच ठरलं होतं. इसिमेली तर लहानपणी एका करवंटीत डुलायचा. त्याच्याकडे ते कसं आलं, हे कुणी मला सांगितलंच नाही.

लोभ वाढता ठेव. बाळीला पापा.

सुलुएती

नाताबुआ
२५ मार्च १९७३

ती. वन्संना स. न. वि. वि.

पाचही वड्या पोचल्या! बोटीवाला तुम्हाला घाबरतो.

सहा आठवडे बंद करा म्हणून मी आडवळणानं सुचवलं. पाद्रीबाबांनी सांगितलंय असं खोटंही बोलले, देव क्षमा करो. हे हसून म्हणाले की कोरड्या घशाचा बोलका म्हणजे शिडावाचून होडी. मग त्याच संध्याकाळी नेहमीपेक्षा चार करवंट्या जास्त प्याले. बोलकेपणाचं विचाराल तर ते यांनी मागून घेतलं. वाइसाकेच्या घरी जाऊन गळ घातली म्हणे. मलाही तेव्हा नवल वाटलं होतं, पण माणसाला मान हवासा वाटतो, म्हणून मी बोलले नाही.

पाय बघितले. नडग्या सारख्याच आहेत. डाव्या पावलावर मात्र घोट्याखाली तळहाताएवढा एक डाग आहे, तो जास्तच कोरडा. उकाड्यातसुद्धा तिथे घामाचा थेंब नाही, केसही गेलेत. हसण्यासारखी गोष्ट सांगते. रविवारच्या जेवणाची तयारी म्हणून जमिनीतली भट्टी पेटवली होती, हे दगड सारखे करत होते. मांस भाजल्याचा वास आला म्हणून मी डुक्कर बघायला गेले, तर डुक्कर अजून बाहेरच! यांचा डावा पाय निखाऱ्यावर होता. यांना पत्ता नाही. सगळे पोट धरून हसले, म्हणाले की बोलक्याला यंगोना पायापर्यंत उतरली. फोड मोठा आला आहे, पण दुखत नाही म्हणतात.

तिकडे काही मलम असेल तर पाठवा. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नका, घरात आधीच सगळं आटत चाललंय.

तुमची
मेरे

सुवा
३ एप्रिल १९७३

चि. मेरे हिस आशीर्वाद.

हे पत्र एकटी असताना वाच आणि वाचून चुलीत घाल.

यंगोना जीभ बधिर करते, ओठ बधिर करते. पाय करत नाही. निखाऱ्यावर पाय ठेवून माणसाला कळत नाही ही हसायची गोष्ट नव्हे. तुम्ही सगळे हसलात, कारण कानीकानी आपल्या ओळखीची आहे आणि ओळखीच्या गोष्टीची माणसाला भीती वाटत नाही. मीही पहिल्या पत्राला हसलेच होते. तुझं दुसरं पत्र आल्यापासून मला जेवण गोड लागत नाही, कपाटातल्या चादरींच्या तीन तीनदा घड्या घालते आहे.

तुला आमच्या लुसियानाआत्याचं कधी कुणी सांगितलं नसेल. तिच्याही पायावर असाच डाग होता. घाम नाही, केस नाहीत, टोचलं तर कळत नाही. सेहेचाळीस साली सरकारी बोट आली आणि तिला रोग्यांच्या बेटावर घेऊन गेली. बाबांनी तिचं खोपटं जाळलं आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. ती तिथेच वारली. मी नर्स झाले ती तिच्यामुळे, हेही मी कुणाला सांगितलेलं नाही.

मेरे, मला महारोगाची शंका आहे. शंका म्हणते, निदान म्हणत नाही. आता घाबरायचं कारण उरलेलं नाही, हे दहा वेळा वाच. गोळ्या निघाल्या आहेत. ते बेट चार वर्षांपूर्वी बंद झालं, कुणालाही कुठे नेऊन टाकत नाहीत. पण उशीर झाला तर पाय जातो, बोटं वाकतात, डोळेसुद्धा जातात. आणि घरात लहान मूल आहे. इसिमेलीला पहिल्या बोटीनं इकडे पाठव.

मी त्याला थेट लिहू शकले असते तर ही वेळ आली नसती. तीनदा कागद घेतला, तीनदा फाडला. बारा वर्षांची झाल्यापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही, आणि सुरुवात ह्या शब्दानं करायची माझी हिंमत झाली नाही.

देव तुमच्या पाठीशी असो. लगेच लिही.

सुलुएती

नाताबुआ
१५ एप्रिल १९७३

ती. वन्संना स. न. वि. वि.

मला आता तुमच्याशी थट्टा सुचत नाही.

मी विचारलं. नाव न घेता विचारलं, डाव्या पायाचं काय म्हणून. हे सुरी परजत होते, ती खाली ठेवली आणि म्हणाले की सुलुएतीनं सांगितलं ना. मग सगळं सांगितलं. डाग दीड वर्षापासून आहे. मामंजी असतानाच दिसला होता. आत्याला नेलं तेव्हा हे सात वर्षांचे होते, बोट दिसेनाशी होईपर्यंत किनाऱ्यावर उभे होते आणि नंतर खोपट्याची राख यांनाच उपसायला लावली होती. वन्सं, म्हणून यांनी बोलकेपण मागून घेतलं! रोज प्यायला मिळावं म्हणून. अंगभर कानीकानी चढली की त्यात एक डाग कोण बघतो? दारुड्या म्हणा, कामचुकार म्हणा, खवल्या म्हणा, पण ते दुसरं नाव नको. पिणं थांबवलं आणि सगळं अंग साफ होऊन तेवढा एकच डाग राहिला, तर मग लपायला जागा नाही, असं म्हणाले. हे ऐकताना मला चीड आली आणि रडूही आलं. माझ्या नवऱ्यानं वर्षभर माझ्या हातानं खोबरेल चोळून घेतलं आणि मला काही बोलला नाही.

आता सकाळीसुद्धा पितात. डोळे लाल असतात, जेवण दोन घास. सुव्याला जायचं नाव काढलं तर उठून जातात. मला शपथ घातली आहे की यापुढे तुम्हाला लिहायचं नाही. ही शपथ मी मोडते आहे.

अकानीसीला मी माझ्या आईकडे झोपवते. ती रडते, बाबाचा दंड हवा म्हणते. हे दारातून तिच्याकडे बघतात आणि मागे फिरतात. माझ्याही अंगावर मी दिवसातून चार वेळा डाग शोधते. वन्सं, काहीतरी करा, माझं डोकं चालत नाही.

तुमच्याच आधारावर असलेली
मेरे

सुवा
२४ एप्रिल १९७३

चि. मेरे हिस आशीर्वाद.

रडणं पुरे. ह्या पत्राबरोबर एक लांबट गाठोडं येईल. त्यात उत्तम मुळांची जुडी आहे, पाच वर्षं मुरलेल्या झाडाची, बाजारात हिंडून मी स्वतः निवडली. ती उघडू नकोस. तुझ्या आतेभावाला, एमोसीदादाला दे; त्याच्याशी बोलायला तुला रिवाजाची आडकाठी नाही. ती पोचल्यावरच्या शनिवारी सरदारांच्या घरी सगळे जमतील तेव्हा त्यानं गुडघ्यांवर पुढे सरकून ती सरदारांसमोर ठेवायची आणि माझ्या नावानं मागणं मांडायचं. शब्द असे, की सुव्यातल्या सुलुएतीला तिचा भाऊ सहा आठवडे हवा आहे, आणि ते सहा आठवडे त्यानं यंगोनाला शिवायचं नाही. कारण सांगायचं नाही. मुळं पुढे ठेवून मागितलं की सरदार कारण विचारत नाहीत.

आता तू विचारशील, इसिमेली नाही म्हणाला तर? तो नाही कसा म्हणेल? सरदारांच्या वतीनं जुडी उचलायची, टाळी वाजवायची आणि मागणं मान्य असल्याचे शब्द बोलायचे, हे काम कुणाचं? बोलक्याचंच ना? त्यानं मागून घेतलेलं पद आहे, आता निभावू दे.

बहिणीनं भावाला असं भर सभेत मागणं शोभत नाही, हे मला माहीत आहे. गाव मला नावं ठेवील. ठेवू दे. माझी माया उद्धट झाली आहे, ती तशीच पोटात घाल.

सुलुएती

नाताबुआ
६ मे १९७३

ती. वन्संना स. न. वि. वि.

झालं. घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून वाचा.

बायका दाराबाहेर बसलो होतो. एमोसीदादा जुडी घेऊन पुढे सरकला, हे सरदारांच्या उजव्या हाताला बसले होते. चांगली मुळं बघून सगळे खुशीत आले. दादानं तुमचं नाव घेतलं आणि सगळ्यांच्या माना यांच्याकडे वळल्या. बहिणीचं नाव, तेही भावासमोर, तेही मागण्यासाठी. मी सासूबाईंसारखी मानते ती म्हातारी टोकासा पुटपुटली की शहरात जाऊन पोरीला लाज राहिली नाही. दादानं मागणं पुरं केलं. सरदारांनी मान हलवली आणि वाट बघत बसले.

हे हललेच नाहीत. जुडी समोर पडलेली, आणि हे तिच्याकडे बघताहेत. नेहमी या वेळी यांची जीभ पाण्यासारखी वाहते. किती वेळ गेला ठाऊक नाही, मागून कुणी तरी खोकलं. तेव्हा म्हातारे सरदार अगदी हळू म्हणाले की बोलक्या, माझ्या वतीनं बोल, मला होकार द्यायचा आहे. मग यांनी जुडीला हात लावला. खोल टाळी वाजवली. सरदारांच्या नावानं स्वतःलाच सुव्याला धाडलं, न अडखळता, सगळे मानाचे शब्द जिथल्या तिथे. बाहेर येऊन मात्र माझ्याकडे न बघता सरळ घरी गेले.

त्या संध्याकाळी यंगोना मळली तेव्हा दुसरी करवंटी यांनी वाइसाकेकडे सरकवली. मंगळवारच्या बोटीनं येताहेत. माझ्याशी बोलत नाहीत, पण मी बांधून दिलेलं गाठोडं नको म्हणाले नाहीत. त्यांच्यावर रागावू नका. माझ्यावर रागवायचं तर नंतर रागवा.

तुमची
मेरे

सुवा
१७ जून १९७३

प्रिय मेरे,

मी इथे आल्यापासून मला तुझी पाच पत्रं आली आणि माझं हे पहिलं. दुसऱ्याच्या वतीनं बोलायची सवय झालेल्या माणसाला स्वतःच्या वतीनं लिहायला जड जातं. आधी बातमी सांगतो. सुलुएतीला शंका होती तेच आहे. गोळ्या सुरू झाल्या, काही वर्षं घ्याव्या लागतील. कुठे ठेवणार नाहीत, पुढच्या महिन्यात घरी यायचं. डॉक्टर म्हणतात की गोळ्या चालू राहिल्या तर माझ्यापासून कुणाला धोका राहणार नाही, पायाची शुद्ध परत येईल की नाही हे मात्र सांगता येत नाही. तू आणि अकानीसीनं पहिल्या बोटीनं येऊन तपासून घ्यायचं आहे. ती माझ्या दंडावर झोपायची, हे मला डॉक्टरांना सांगवेना. ते सुलुएतीनं सांगितलं.

पहिले पाच आठवडे मी तिच्या खोलीत राहिलो आणि आम्ही एक शब्द बोललो नाही. ती ताट ठेवून बाहेर जायची. निरोप शेजारच्या बाईमार्फत. यंगोना नाही, त्यामुळे दिवस संपता संपत नव्हता, नुसता येरझाऱ्या घालायचो. चौथ्या आठवड्यात नडग्यांचे खवले गळायला लागले, उकडलेल्या अळकुडीचं साल निघावं तसे. खाली गुळगुळीत नवी कातडी. मेरे, मी त्या खोलीत एकटा नाचलो. वाटलं, सगळीच कानीकानी होती, मी उगाच दीड वर्ष भ्यालो. शेजारणीला म्हटलं, बहिणीला सांगा की मी निघालो. उलट निरोप आला की तपासणीशिवाय नाही.

गुरुवारी तपासणी होती. जी नर्स करणार होती ती तापानं घरी, आणि डॉक्टर बिसेसरांना आपले रिवाज लक्षात राहिले नसावेत, त्यांनी कापूस सुलुएतीच्या हातात दिला. ती नाही म्हणेल असं मला वाटलं. नाही म्हणाली नाही. मला डोळे मिटायला सांगितलं. कापूस लागला की हो म्हणायचं, एवढंच काम. उजव्या पायावर तिनं सुरू केलं. मी हो म्हटलं. पंचवीस वर्षांत मी तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द. मग हो, हो, हो, लहान मुलासारखा मी म्हणत सुटलो आणि तीही हसली, मला ऐकू आलं. मग डाव्या पायाची पाळी आली. मी डोळे मिटून थांबलो. वाटलं, कापूस बदलत असेल. वाटलं, डॉक्टरांना काही विचारत असेल. मी तोंड उघडून, हो म्हणायच्या तयारीत बसून राहिलो. मग ती रडायला लागली, आणि मला कळलं की तिनं केव्हाच सुरुवात केली होती.

मी डोळे न उघडता तिला नावानं हाक मारली. ती ओ म्हणाली.

तुम्ही दोघी या. बोट धक्क्याला लागेल तेव्हा मी तिथे असेन, सुलुएती माझ्या शेजारी असेल. माझ्यावर रागावली असशील तर तो राग घेऊन ये, पण ये.

तुझाच
इसिमेली